रहदारी येते कोठून?

बीडच्या सुभाष रोडवर संध्याकाळी सहाच्या सुमारास दहा मिनिटे उभे राहावे, म्हणजे रहदारीच्या प्रश्नाची ओळख करून घेण्यासाठी कोणा तज्ज्ञाकडे जावे लागत नाही. फटफट्या, रिक्षा, मोटारी, मालाचे टेम्पो, हातगाडे आणि या साऱ्यांच्या फटींतून जीव मुठीत धरून वाट काढणारी पायी माणसे यांची तेथे दाटी झालेली असते. ती पाहून जो तो एकच उपाय सुचवितो : रस्ता रुंद करा. कोणी उड्डाणपूल सुचवितो, कोणी हातगाडेवाल्यांना हुसकून लावा म्हणतो. हे उपाय बरे की वाईट, हे क्षणभर बाजूला ठेवू. त्यांच्या आधीचा एक प्रश्न आम्हांस श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे. ही सारी माणसे या वेळी येथे आली कशासाठी?

त्यांतल्या एकेकाला थांबवून विचारले, तर उत्तरे फार साधी मिळतील. कोणी मुलाची वही घ्यावयास आला आहे, कोणी तापाच्या गोळ्या न्यावयास. एकाच्या फटफटीवर पुढे दळणाचा डबा आहे. यांपैकी कोणालाही सुभाष रोडची हौस नव्हती. वही, गोळी आणि पीठ घराजवळ मिळाले नाही, म्हणून ते येथे आले. रहदारी वाहनांतून उत्पन्न होते असे आपण समजतो. वस्तुतः ती घर आणि गरज यांच्यामधल्या अंतरातून उत्पन्न होते. वाहन हे त्या अंतराचे केवळ चिन्ह होय. एवढा एकच मुद्दा आज नीट उलगडून सांगावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम आपले जुने बीडच पाहू. बिंदुसरेच्या काठचे हे गाव कोट आणि वेशी यांच्या आधाराने वाढले. कोट बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला. राजुरी वेस, माळीवेस ही नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. बलभीम चौक, कारंजा, धोंडीपुरा, पेठ बीड या भागांतून हिंडताना गावाची रचना सहज ध्यानात येते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पुढल्या सोप्यात शिंप्याचे यंत्र, मागल्या खणात चूल. गल्लीच्या तोंडाशी किराणा, मधे देऊळ अथवा मशीद, हाकेच्या अंतरावर वैद्य आणि शाळा. दळणाचा डबा घेऊन निघालेली बाई चार घरांशी बोलून परत आली, तरी चुलीवरची डाळ उतू जात नसे.

आपल्या भाषेनेही हे जाणले आहे. ‘पेठ’ या शब्दाचा अर्थ काय? पेठ म्हणजे बाजार, आणि पेठ म्हणजे वस्तीही. पुण्यात वारांची नावे घेतलेल्या पेठा वसल्या, त्या बाजारही होत्या आणि राहण्याचे भागही होते. माणसे जेथे राहतात तेथेच देवघेव करतात, हे इतके स्वाभाविक मानले गेले की दोहोंसाठी निराळा शब्द करण्याची कोणाला गरज वाटली नाही.

हे सांगताना जुन्या गावाची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्या गावात गटारे नव्हती, उजेड नव्हता, पटकी आली की गल्लीच्या गल्ल्या ओस पडत. नदीच्या अगदी पात्राला भिडून घरे बांधण्याचे मोल जुलै १९८९ च्या बिंदुसरेच्या पुराने बीडकरांकडून वसूल केले. आणि याहूनही मोठा दोष निराळाच होता. सर्व काही जवळ होते, पण ते सर्वांसाठी नव्हते. ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर ठेवली होती, त्यांना गावातला आड जवळ असूनही दूर होता. तेथे अंतर पावलांनी मोजले जात नव्हते, जातीने मोजले जात होते. म्हणून जुन्या पेठेपासून घ्यावयाचे ते एवढेच, की कामे एकमेकांजवळ ठेवावीत; आणि टाकावयाचे ते हे, की त्या जवळीकेला कोणासाठीही कुंपण घालावे.

आता प्रश्न असा, की इतकी सोयीची रचना मोडली कशी? याचे मूळ पश्चिमेकडे सापडते. एकोणिसाव्या शतकात तेथील कारखान्यांची धुराडी मजुरांच्या खोल्यांना खेटून उभी होती. धूर, घाण आणि रोगराई यांना कंटाळून तेथील सुधारकांनी ठरविले, की राहण्याची जागा निराळी, कारखान्याची निराळी. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली जागेच्या वापराचे असे विभाग कायद्याने आखले. कातडी कमावण्याचा कारखाना घराशेजारी नसावा, हा विचार योग्यच होता. आपल्या जिल्ह्यातही त्याचे प्रत्यंतर आहे. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राशेजारी कामगारांसाठी शक्तिकुंज वसाहत उभी राहिली, त्यामुळे कामावर पायी जाता येऊ लागले, ही सोय खरी. पण त्याच केंद्राच्या राखेचा त्रास परिसराला किती होतो, हे परळीकरांना सांगावयास नको. सबब काही गोष्टी दूरच असल्या पाहिजेत.

चूक झाली ती पुढे. कारखान्याला लावलेला नियम हळूहळू किराणा दुकानाला, शिंप्याला, गिरणीला आणि दवाखान्यालाही लागू करण्यात आला. एका भागात केवळ घरे, दुसऱ्या भागात केवळ दुकाने, तिसऱ्यात कचेऱ्या, अशी वाटणी झाली. अमेरिकेत हे खपून गेले, कारण तेथे घरोघर मोटार येत होती. परंतु तेथेही जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली अमेरिकन शहरांच्या जीवनमरणावर ग्रंथ लिहून दाखवून दिले, की ज्या रस्त्यावर घरे, दुकाने आणि कामाच्या जागा एकत्र असतात तो रस्ता दिवसभर जागता राहतो, आणि जागता रस्ता अधिक सुरक्षित असतो. दुकानदाराची नजर ही फुकटची राखणच होय.

आपल्याकडे तर हा इशारा त्याच्याही पूर्वी मिळाला होता. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि गावोगाव हिंडून त्यांनी अहवाल लिहिले. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापकही होते. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. कुशल शस्त्रवैद्य जसे आवश्यक तेवढेच कापतो, तसे एखादे पडके घर काढून उजेड आणावा, बोळ थोडा मोकळा करावा, आड स्वच्छ करावा, झाडे लावावीत आणि बाकीचे नांदते गाव नांदू द्यावे, असे त्यांचे सांगणे होते. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. आपला जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागू नव्हता. आज मात्र १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि आपल्या गावाचा विकास आराखडा त्याच कायद्याखाली होतो.

आता मूळ मुद्द्याचे गणित मांडू. पुढील आकडे कोणत्याही मोजणीतले नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. गावाबाहेर शेतजमिनीचे भूखंड पाडून पाचशे घरांची वसाहत झाली असे समजा. प्रत्येक घराची रोजची कामे चारच धरा : शाळा, भाजी, दळण वा किराणा, आणि एक किरकोळ. प्रत्येक कामाला एक जाणे आणि एक येणे. म्हणजे पाचशे घरांच्या दिवसाकाठी चार हजार खेपा होतात. वसाहतीत घरांखेरीज काही नसेल, तर या चारही हजार खेपा मुख्य रस्त्यावर येतात. निम्मी कामे वसाहतीतच पायी होऊ लागली, तर दोन हजार खेपा रस्त्यावर येतच नाहीत. त्यांच्यासाठी रस्ता रुंद करावा लागत नाही, पूल बांधावा लागत नाही, पोलीस उभा करावा लागत नाही. न झालेल्या खेपेइतकी स्वस्त खेप दुसरी नाही.

याला जोडून आणखी एक दोष असतो. बार्शी रोड, नगर रोड, जालना रोड अशा हमरस्त्यांना लागून पाडलेल्या वसाहतींचे आतले रस्ते पुष्कळदा एकमेकांना मिळत नाहीत. प्रत्येक मालकाने आपापल्या गटापुरता नकाशा काढलेला असतो. मग भिंतीपलीकडे शाळेची घंटा ऐकू येते, पण शाळेत जाण्यासाठी मुलाला हमरस्त्यावर येऊन, अवजड वाहनांच्या कडेने जाऊन, पुन्हा आत वळावे लागते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण अशा नकाशांसाठीच जन्मली असावी! दोन वसाहतींना जोडणारी दहा फुटांची पायवाट जे काम करते, ते कित्येकदा मोठ्या खर्चाचा रस्ताही करू शकत नाही.

रस्ता रुंद केल्याने काय होते? काही दिवस मोकळे वाटते. मग गर्दीमुळे जे जाणे टाळीत होते ते जाऊ लागतात, जे लवकर निघत होते ते सोयीच्या वेळी निघतात, आणि गावाबाहेरची जमीन जवळ वाटू लागल्याने तेथे नवे भूखंड पडतात. रस्ता पुन्हा भरतो. ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मोठ्या शहरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. त्यात महामार्गांची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढली, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढल्याचे आढळले. अमेरिका आणि बीड यांत अंतर पुष्कळ आहे, पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

बाह्यवळण रस्त्याचेही तसेच. सोलापूर-धुळे महामार्गाची वाहतूक गावाबाहेरून गेली हे चांगलेच झाले. ज्या मालमोटारींचे गावात काम नाही त्या गावातून जाऊ नयेत. परंतु बाह्यवळण फक्त परक्याची वाहतूक बाहेर नेतो. आपली स्वतःची, वही-गोळी-दळणाची वाहतूक तो नेऊ शकत नाही. शिवाय त्याच रस्त्याच्या दुतर्फा कार्यालये, दुकाने आणि वसाहती उभ्या राहिल्या, की बाह्यवळण हाच गावातला रस्ता होतो. पुण्याचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग एके काळी शहराबाहेर होता. आज वारजे, बाणेर हे भाग त्याला वेढून आहेत, आणि नवले पुलाजवळचे अपघात हा वर्तमानपत्रांचा नित्याचा विषय झाला आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी आपली गत होते ती यामुळे.

मग अंतर किती असावे? सामान्य माणूस पाच मिनिटांत सुमारे चारशे मीटर चालतो. रोजची गरज एवढ्या अंतरात असली तर कोणी वाहन काढीत नाही. दहा-पंधरा मिनिटांपर्यंत मनुष्य विचार करतो. त्यापुढे किल्ली शोधतो. आपल्या कायद्यालाही हे मान्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे धरले आहे. मुलाच्या पायांनी मोजलेले हे शेजार आहे. जी गोष्ट शाळेला लागू, ती रेशन दुकानाला, अंगणवाडीला आणि दवाखान्याला का लागू नसावी?

चालणे ही आपल्याकडे गरिबांची वा म्हाताऱ्यांची बाब समजली जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता, असे विचारले होते. देशातील अशा सुमारे वीस कोटी लोकांपैकी तीस टक्क्यांना प्रवासच करावा लागत नव्हता. जवळजवळ तेवीस टक्के पायी जात होते, तेरा टक्के सायकलीने आणि तितकेच दुचाकी मोटारीने. मोटारगाडीने जाणारे तीन टक्केही नव्हते. त्यानंतर दुचाक्या खूप वाढल्या हे खरे. तरी रस्ते मात्र आपण त्या तीन टक्क्यांचा विचार करून आखतो, आणि पायी जाणाऱ्याला उरलेली कड देतो. एक मोटार उभी करावयास साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. तेवढ्यात दहा सायकली सहज राहतात.

पायी चालण्याजोगा रस्ता म्हणजे काय, हेही सांगणे अवश्य आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी; म्हणजे समोरासमोर आलेली दोन माणसे अंग न चोरता जाऊ शकतील. पदपथ गुडघ्याइतका उंच केला, तर म्हातारा माणूस खालीच चालतो. वैशाखात जेथे पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेथे सावली ही शोभा नसून रस्त्याचाच भाग होय. कडुनिंबाची एक रांग फरशीइतकीच आवश्यक. दिवा हवा, कारण अंधार पडल्यावर बाईमाणूस चालू शकते की नाही यावरच रस्ता चालण्याजोगा आहे की नाही हे ठरते. आणि गल्लीत वाहनांचा वेग कमी हवा. ताशी तीस किलोमीटरने धडक बसलेला मनुष्य बहुधा वाचतो, पन्नासने बसली तर ती आशा झपाट्याने कमी होते.

हातगाडेवाल्याला अडथळा म्हणावयाचे की सोय? तो दारात भाजी आणतो, म्हणजे चाळीस घरांच्या चाळीस खेपा वाचवितो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला हक्क दिला आहे आणि नगरपालिकेवर विक्रीच्या जागा ठरविण्याचे काम सोपविले आहे. पदपथावर पायी माणसाला जागा ठेवून त्याची जागा आखून दिली, तर दोघांचेही भागते.

येथे दोन आक्षेप येतात, आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की घराशेजारी दुकान म्हणजे गोंगाट आणि कचरा. त्याला उत्तर हे, की दुकान कसले आणि कोणत्या रस्त्यावर, हे नियमाने ठरवावे. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत राहण्याच्या विभागातही रस्त्याच्या रुंदीप्रमाणे दुकानांना वाव ठेवला आहे. किराणा आणि शिवणकाम आत, वेल्डिंग आणि मोठी गोदामे बाहेर, एवढा विवेक अवघड नाही. मोंढ्यातला धान्याचा घाऊक व्यापार गल्लीत आणा, असे कोणीच म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : केवळ दुकाने आणून रहदारी खरोखर कमी होते काय? प्रामाणिक उत्तर असे, की कोणत्याही एका उपायाचा परिणाम लहानच असतो. इयुइंग आणि सर्व्हेरो या अभ्यासकांनी अनेक पाहण्या एकत्र करून २०१० साली असाच निष्कर्ष काढला. मात्र निरनिराळे वापर एकत्र असणे, चौक जवळजवळ असणे आणि पायी पोचता येतील अशी ठिकाणे अधिक असणे, यांचा चालण्याशी सर्वांत घट्ट संबंध असल्याचेही त्यांनीच सांगितले. नवी मुंबईचे उदाहरणही शिकण्यासारखे आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली, तेव्हा प्रत्येक उपनगरात घर, काम आणि बाजार एकत्र असावेत अशीच कल्पना होती. बाजार आणि शाळा जवळ आल्या; पण कित्येकांचे काम मुंबईतच राहिले, आणि सकाळची लोकल भरून जाऊ लागली. घराजवळ दुकान नेणे सोपे, नोकरी नेणे कठीण. म्हणून लांबच्या कामासाठी बस हवीच. जवळच्या कामाने रस्ता अडविला नाही, म्हणजे ती बसही वेळेवर धावते.

व्यापारी बंधूंची भीती अशी, की वाहन दारात आले नाही तर गिऱ्हाईक जाईल. पुण्याच्या महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला, आणि पुढेही तो उपक्रम चालविला. एका दिवसाने सिद्ध काहीच होत नाही. पण भर बाजारात लहान मूल बापाचे बोट सोडून चालू शकते, एवढे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या एखाद्या बाजाररस्त्यावर महिन्यातून एक संध्याकाळ हा प्रयोग करावयास खर्च काय येणार?

हे सारे आताच का सांगावयाचे? १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली. कित्येक पिढ्यांनी जिची वाट पाहिली ती गाडी आली. रेल्वे येते तेव्हा स्थानकाच्या भोवती जमिनीचे भाव चढतात, भूखंड पडतात, आणि वस्तीचा साचा ठरून जातो. इमारत पन्नास वर्षांनी पाडता येते, पण एकदा पडलेला रस्ता आणि मोजलेला भूखंड शतकानुशतके हलत नाही. वेस गेली तरी वेशीचा रस्ता राहतो, हे आपण जुन्या बीडमध्ये पाहिलेच. २०११ साली सुमारे दीड लाख वस्ती असलेले हे गाव पुढे कसे पसरणार, याचा निर्णय या थोड्या वर्षांत होणार आहे. गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई येथील श्रोत्यांनीही हेच आपल्या गावाला लावून पाहावे.

यात नागरिकाच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा कायद्याने हरकती आणि सूचना मागविल्या जातात. त्या वेळी आपण आपल्या भूखंडावर आरक्षण पडले की नाही एवढेच पाहून येतो. पुढच्या खेपेस नकाशापुढे उभे राहून विचारावे, की शाळेची जागा वस्तीच्या मध्यभागी आहे की कोपऱ्यात? शेजारच्या गटाचा रस्ता आपल्या रस्त्याला मिळतो का? चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडरचनेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जागा मुलांना खेळता येईल अशी आहे, की नाल्याच्या काठची निरुपयोगी पट्टी? आणि नाल्याची जागा नाल्यालाच ठेवली आहे ना?

नवे घर वा भूखंड पाहावयास जाणाऱ्यांना आमची आणखी एक सूचना आहे. विकणारा आपल्याला मोटारीत बसवून तेथे नेतो, आणि मोटारीतून सर्वच जवळ दिसते. त्याचे आभार मानून खाली उतरावे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला बरोबर घ्यावे, आणि तेथून सर्वांत जवळची पिठाची गिरणी पायी शोधून काढावी. वाटेत किती वेळा मुलाचा हात घट्ट धरावा लागला, ते मोजावे. मग व्यवहाराचे बोलावे.